बापाकच्या पेटीवरचं घुबड

आमच्या गावात माणसाला एकटं बसू देत नाहीत. एकट्या गप्प बसलेल्या माणसाला भूत झपाटतं, अशी इथल्या सगळ्यांची पक्की समजूत. त्यामुळे मी आठवडाभर भातखाचराच्या बांधावर कॅमेरा लावून बसत होतो आणि रोज कुणीतरी विजेरी हलवत, कॉफीची किटली घेऊन सोबतीला येत होतं. विजेरी चमकली की घुबड उडालंच!

घुबड आमच्या बापाकचं, म्हणजे वडिलांचं. शेतात उंदीर माजले तेव्हा त्यांनी उंच खांबावर घुबडासाठी लाकडी पेटी बसवली. लोक म्हणाले, अशुभ पाखराला घर बांधून देतोय, म्हातारा आता मरणार. म्हातारा मेला नाही, उंदीर मेले. पण गेल्या साली बापाकना अर्धांगाचा झटका आला आणि ते खाटेला खिळले. जीभ मात्र शाबूत आहे.

"माझं घुबड त्या यंत्रात घालून आण," ते म्हणाले. "आणि वर बिमा साक्ती दिसली पाहिजे."

बिमा साक्ती म्हणजे आकाशगंगा. कोरड्या महिन्यांत ती बरोबर पेटीच्या डोक्यावर येते. मी पडलो मोटारसायकली दुरुस्त करणारा, कॅमेरा जुना घेतलेला. अंधारात शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. तेवढा वेळ घुबडानं हलायचं नाही आणि कुणी उजेड पाडायचा नाही, बस. एवढंही या गावाला जमेना. त्यात शुक्रवारच्या नमाजानंतर बांधावरच्या रस्त्याला नवे दिवे लागणार होते. मग कसलं आकाश आणि कसलं घुबड! गुरुवारची संध्याकाळ शेवटची होती.

निघताना बायको, लास्त्री, दारात आडवी आली. आमच्याकडे बायको नवऱ्यालाही 'मास', म्हणजे दादा, अशीच हाक मारते. "उद्या शुक्रवार, मास. आदल्या रात्री भुतं फिरतात. आज तरी एकटे बसू नका."

"आज कुणाला पाठवलंस तर बघ!"

"मी कशाला पाठवतेय? लोकांना तुमची काळजी वाटते, म्हणून येतात."

"त्यांना म्हणावं, काळजी घरी बसून करा."

आणि खरंच त्या दिवशी कुणी आलं नाही. अंधार दाट झाला, आकाश चांदण्यांनी भरून गेलं. मला इतका आनंद झाला की डासही सोसले. मग आवाज न करता घुबड आलं. पेटीपुढच्या दांडीवर बसलं, चोचीत उंदीर. वर बिमा साक्ती. मी शटर उघडलं आणि श्वास धरून उभा राहिलो.

तेवढ्यात रस्त्यावरचे सगळे दिवे एकदम लागले.

घुबड गेलं. आकाशही गेलं. रस्त्यावरून टाळ्या वाजवत मंडळी आली, पुढे शेजारचे पाक कास्मिन; वडीलधाऱ्याला आम्ही पाक म्हणतो.

"आता काढा, मास! अंधारात कधी फोटो निघतो का? आठवडाभर तुमची तगमग बघवेना. म्हणून आम्ही पाक लुराहना गळ घातली आणि दिवे आजच लावून घेतले."

आमचे लुराह, म्हणजे गावचे मुखिया, मान डोलावत होते. "घुबड कुठंय?"

"गेलं."

"येईल की. आता तर त्याला वाट दिसेल."

कॅमेरा चिखलात फेकावासा वाटला. शिव्या अगदी ओठावर आल्या होत्या. पण त्यांच्या हातात किटली होती, पानात बांधलेली तळलेली केळी होती, आणि सगळे पेटीच्या खांबाखाली दाटीवाटीनं उभे राहून हसत होते. आमच्याकडे असल्या लोकांवर ओरडता येत नाही, हीच तर पंचाईत. मी दात-ओठ खात त्यांचा फोटो काढला.

घरी बापाक जागेच होते. दुसरं दाखवायला काही नव्हतं, म्हणून तोच फोटो त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. ते बराच वेळ बघत राहिले.

"हा कास्मिन," ते म्हणाले. "हा लुराह. दिवे लावलेत वाटतं."

"हो. माझ्यासाठी."

"दांडी रिकामी आहे."

त्यांनी चालत्या हाताचं बोट एकेका हसऱ्या चेहऱ्यावरून फिरवलं.

"सगळे आले होते रे," बापाक म्हणाले. "मी पेटी चढवली तेव्हा खांब धरायला एकही आला नव्हता."