साध्या माणसांचं गाव

“तलवार भेटणार न्हाई,” भावसिंग म्हणाला. “धनुष्य बी न्हाई. तुमी सगळे ह्या गावातले साधे लोक हाव. तिथूनच सुरू करायचं.”

औंढ्यातल्या त्याच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात, शटर अर्धं ओढून, रविवारी दुपारी चौघं बसले होते. पुण्यात नोकरीला असताना भावसिंग हा खेळ शिकून आला होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातलं एकेक माणूस व्हायचं. ते माणूस काय करतं ते आपण सांगायचं आणि जमलं की फसलं ते फाशानं ठरवायचं. शितल कुंभारीण झाली. मोहिनीनं सुईण घेतली. परमेश्वरच्या वाट्याला मेंढपाळ आला, तसा तो चिडला.

“हप्ताभर मेंढरंच राखून राहिलो ना मी! इथं बी तेच? मग यायचं काहून?”

“खेळून तर पाह्य.”

गोष्ट सुरू झाली. घोडेस्वार लुटारू गावात घुसले, घरं पेटली. सुईण एका बाळंतिणीला घेऊन ज्वारीत लपली. कुंभारणीनं भट्टीतली राख घोड्याच्या डोळ्यांत फेकली. परमेश्वर मात्र काठी घेऊन सरळ सरदारावर धावून गेला. फासा पडला.

“भाला पोटात घुसला,” भावसिंग म्हणाला. “मेलास तू.”

“एका घावात?”

“माणूस किती घावांत मरतं मग?”

परमेश्वर उठून चालता झाला. पोलीस भरतीत उंचीला कमी पडून परत आलेला पोरगा तो. निदान खेळात तरी मोठं व्हायचं होतं त्याला.

मंगळवारी भरदुपारी सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला, सोयाबीन निघालेल्या रानात मेंढरं चरत होती. नामाजी, परमेश्वरचे वडील, बाभळीखाली भाकरीचं फडकं सोडून बसले होते. बांधाला एक पिकअप थांबली. तिघं उतरले आणि पाणी मागू लागले. नामाजींनी किटली पुढं केली, तोच एकानं लोखंडी गज त्यांच्या डोक्यात घातला. दुसरे दोघं मेंढरं उचलून गाडीत फेकू लागले.

परमेश्वर रानाच्या दुसऱ्या टोकाला होता. धावतच आला. गजवाला वळायच्या आत त्याची काठी गुडघ्यावर बसली. हाड मोडलेलं त्याला काठीतून हाताला कळलं. गजवाला पडला तरी परमेश्वर मारत राहिला. खांद्यावर, बरगडीत, तोंडावर. दात तुटून मातीत पडले. हे त्याला बरं वाटत होतं. जन्मात पहिल्यांदा तो कुणाला तरी भारी पडला होता.

जोडीदाराला तिथंच टाकून पिकअप पळाली. आरडाओरडा ऐकून आसपासच्या हळदीतून, कापसातून माणसं धावत आली. कुणाच्या हातात औताचं लाकडी रुमणं, कुणाच्या हातात दगड. कुणी काही विचारलं नाही. पहिला दगड पडलेल्याच्या कानावर बसला. मग रुमणी पडू लागली, लाथा पडू लागल्या. गजवाला सरपटत आला आणि इतक्या पायांतून त्यानं परमेश्वरचाच पाय धरला.

“दादा, नका मारू. मी शिवहार... माझं गाव...” तोंड रक्तानं भरलेलं. गावाचं नाव कळलं नाही.

तेव्हा परमेश्वरनं त्याच्याकडं नीट पाहिलं. ओठावर धड मिसरूडही नव्हतं.

“बस झालं!” तो ओरडला. “पोलिसाला बोलवा!”

“बापाचं टकुरं फोडलं त्यानं तुझ्या, अन् तू बस म्हणून राहिला? सर बाजूला!”

परमेश्वर सरला नाही. त्या पोराच्या अंगावर आडवा पडला. एक रुमणं पाठीत बसलं. दुसरं त्याच्या उजव्या हातावर आलं आणि बोटं चिरडली.

“मी हाव रे! परमेश्वर! नामाजीचा!”

तो कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्याच्या खालचं माणूस गाठायला घाव येतच राहिले. शेवटी नामाजी कसेबसे उठले. कपाळावरून रक्त डोळ्यांत उतरत होतं. गर्दीत शिरून ते दोन्ही हात वर करून नुसते उभे राहिले. मग एकेक हात खाली आला.

“पाणी,” खालून आवाज आला.

नामाजींनी किटली त्याच्या ओठांना लावली. पाणी गालावरून ओघळून गेलं. पोलिसांची गाडी येण्याआधीच शिवहार संपला होता. परमेश्वरला ते कळलं, कारण अंगाखालचा श्वास थांबला. मेंढरं एव्हाना शेजारच्या हळदीत शिरली होती. हळदीचा मालक रुमणं धरून तिथंच उभा होता. त्यानं ती हाकलली नाहीत.

नामाजींच्या डोक्याला टाके पडले. परमेश्वरची दोन बोटं काढावी लागली. पोलिसांना त्यानं सगळं सांगितलं. आधी मीच मारलं, हेसुद्धा. चौकशी अजून चालूच होती. गावात लोक म्हणाले, चोराला वाचवायला गेलं अन् बोटं देऊन आलं. शिवहार नेमका कोणत्या घावानं मेला, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. परमेश्वर रोज झोपेतून दचकून उठायचा. एकदा नामाजी म्हणाले, “लेकरा, तू आडवा पडलास ना.”

“उशिरा पडलो, आबा.”



हात पट्टीत बांधलेलाच होता, तरी एका रविवारी तो दुकानात गेला. मोहिनीनं खुर्ची सरकवून दिली. हाताबद्दल कुणी विचारलं नाही. त्यानं यावेळी गावातला एक सुतार घेतला. भावसिंगनं गोष्ट पुढं उचलली.

“सकाळ झाली हाय. लुटारू डोंगराकडं गेले. तुमी माग काढता का?”

“न्हाई,” परमेश्वर म्हणाला. “आधी मढी उचलू.”

भावसिंगनं कागदावरून मान वर केली. “वेशीत लुटारूंचे बी दोघं पडलेले हायेत.”

“त्यांची बी.”

बाहेर रस्त्यावर एक ट्रॅक्टर गेला. फासे टेबलावर तसेच पडून होते. शितलनं बैलगाडी मागितली. भावसिंगनं ती दिली.