हात काढा

"काय तोलता गं तुम्ही त्या लॅबमधी?" गुडघ्याला तेल चोळता चोळता बबनरावांनी लेकीला विचारलं.

तीस हंगाम त्यांनी पाटसकडच्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्या तोलल्या होत्या. रिटायर झाले तरी वजनाशिवाय दुसरं काही विचारायला त्यांना सुचतच नसे.

गौतमीनं मोबाईलवर चमकणारा एक ठिपका दाखवला. "काचेचा कण आहे, आप्पा. धुळीहून बारीक. नुसत्या उजेडानं अधांतरी धरलाय. त्याला कुठनं किती ओढ लागते, ते मोजायचं."

"मंग मोज की."

"धरलेला असला की नीट कळत नाही. उजेडाची पकड मोठी, ओढ इवलीशी. म्हणून क्षणभर उजेड बंद करायचा. कण पडता पडता ओढीच्या बाजूला सरकतो. लगेच उजेड लावून झेलायचा, आणि किती सरकला ते बघायचं."

बबनरावांना आपला काटा आठवला. काट्यावर गाडी चढली, की कुणीतरी फळीला धरून उभं राहायचंच. मग हे केबिनमधून ओरडायचे, "हात काढा! धरलेल्या गाडीचं वजन खरं येत न्हाई!"

गौतमीला परदेशातल्या प्रयोगशाळेनं दोन वर्षांसाठी बोलावलं होतं. आज उत्तर द्यायचं होतं. बायको चांगुणा गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. "जा की बाई," असं ते तोंडानं म्हणत आणि लगेच गुडघा धरत. महिनाभर ती दर सुट्टीला पुण्याहून आली, की हेच चाललं होतं. पोरीनं नकार लिहूनही ठेवला होता. बबनरावांना स्वतःचीच लाज वाटली.

"आन् झेलायचा ऱ्हाऊन गेला तर?"

"हरवतो कधी कधी," ती हळूच म्हणाली. "पण बहुतेक वेळा सापडतो."

त्यांनी तेलाची वाटी बाजूला सारली. "ते न्हाई लिवलेलं पुसून टाक. व्हय म्हणून लिव्ह."

"आणि तुमचा गुडघा?"

"कसला गुडघा? नाटक हुतं समदं!"

गौतमी रडत रडतच हसली, आणि तिनं होकार पाठवला.

दुपारी ती पुण्याला परत निघाली. दौंड स्टेशनात तिची जड बॅग त्यांनीच पुलावरून नेली, चालताना जराही लंगडले नाहीत. गाडीनं शिट्टी दिली, तरी खिडकीच्या गजावरची त्यांची मूठ सुटेना.

लहानपणी काट्यावर ऐकलेल्या सुरात गौतमी म्हणाली, "आप्पा, हात काढा."

त्यांनी हात काढला. गाडी हलली. खिडकीतून बाहेर आलेला तिचा हात वळणापर्यंत दिसत होता.

मग बबनराव कठड्याला धरून पुलाची एकेक पायरी चढू लागले. गुडघा खरंच दुखत होता.