खिडकीकडची दांडी

ड्रिलचं टोक टाइलवरून घसरलं आणि पांढऱ्या चकाकीवर बारीक ओरखडा उमटला. कृष्णानं मशीन बंद केलं.

"थांबा," दीपमाला म्हणाली. तिनं सेलोटेपचे दोन तुकडे कापून खुणेवर फुलीसारखे चिकटवले. "आता लावा. टेपवरून टोक घसरत नाही. आणि दाब देऊ नका, टाइल तडकेल."

"तूच का लावत नाहीस मग?"

"मी लावते, तुम्ही स्वयंपाक करा."

कृष्णा हसला आणि पुन्हा भोक पाडायला लागला. दाराबाहेर सासूबाई, आवडाबाई, उभ्या होत्या. धुरळा उडाला तसा त्यांनी पदर नाकाला लावला, पण त्या हलल्या नाहीत.

मुकुंदवाडीतल्या त्या फ्लॅटचं बाथरूम इतकं अरुंद होतं, की दार पूर्ण उघडायचं तर आधी बादली उचलावी लागे. आत एकच रॉड. त्यावर कृष्णाचा, दीपमालाचा आणि त्यांच्या लेकीचा, संस्कृतीचा, असे तीन टॉवेल एकावर एक पडत, आणि सगळ्यात खालचा संध्याकाळपर्यंत ओलाच राही. दीपमाला वाळूजला एका औषधांच्या कंपनीत तपासणीच्या लॅबमध्ये होती. ओलसर कापडात काय वाढतं, हे तिला रोज भिंगाखाली दिसत असे. तरी रॉडचं तिनं इतकी वर्षं मनावर घेतलं नव्हतं.

मनावर घेतलं ते सासूबाईंच्या मागच्या खेपेनंतर. सासरे गेल्यावर आणि घराच्या वाटण्या झाल्यावर आवडाबाई चार महिने थोरल्या मुलाकडे, माऊलीकडे, वैजापूरला आणि चार महिने इथं धाकट्याकडे असत. हॉलमधल्या दिवाणावर त्यांचं अंथरूण, दिवाणाखाली त्यांची रेक्झिनची बॅग. मागच्या खेपेला त्या बॅगेतून कुबट वास यायला लागला. दीपमालानं चेन उघडली, तर प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेला ओला टॉवेल.

"आई, हा असा का ठेवला?"

"मग कुठं ठिवू? तुमचीच दाटी हाय तिथं."

तक्रारीचा सूर नव्हता. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं सांगितलं होतं. ते वाक्य मात्र दीपमालाच्या डोक्यातून गेलं नाही.

आता भिंतीवर एक उभा पाइप बसला. त्याला एकीखाली एक चार दांड्या, चारही वेगवेगळ्या फिरणाऱ्या. मिटल्या की भिंतीला चिकटून बसायच्या, उघडल्या की पंख्याच्या पात्यांसारख्या सुट्या व्हायच्या. दीपमालानं लगेच त्या वाटून टाकल्या नाहीत. आधी चार सारखे नॅपकिन भिजवून पिळून चारही दांड्यांवर टाकले आणि संध्याकाळी एकेक गालाला लावून बघितला. खिडकीच्या झडपांकडचा पार कोरडा झाला होता.

"आई, ही तुमची," ती त्या दांडीवर हात ठेवून म्हणाली.

आवडाबाईंनी दांडी पुढं ओढली, मागं ढकलली. "ही अख्खी?"

"अख्खी."

"मग तुझा कुठं?"

"माझा इकडं, दाराकडं. मला सकाळी धुवून गॅलरीत टाकता येतो."

पहिले काही दिवस आवडाबाईंचा टॉवेल दांडीच्या टोकाशी चौघडी घालून लटकलेला दिसे, पाहुण्यानं खुर्चीच्या कडेवर बसावं तसा. मग एक घडी सुटली. मग दुसरी. एका सकाळी तो पूर्ण पसरलेला दिसला, लाल काठ खाली सरळ ओढून घेतलेला. आवडाबाई शेजारच्या बाईंना आत घेऊन आल्या होत्या आणि दांडी फिरवून दाखवत होत्या.

"सुनंनं भिंतीला बसवून दिलीय. दुसऱ्या कुणाचं काय नाय हिच्यावर. संस्कृतीचा रुमालसुद्धा नाय."

"आई, बँकेत लॉकर मिळाल्यासारखं करतीयस तू," कृष्णा दाढी करता करता म्हणाला.

"तुझ्या लॉकरात काय हाय रं? कागदं. माझं रोज लागतंय."

दिवाळीनंतर माऊली त्यांना न्यायला आला. बॅग भरताना दीपमाला शेजारी बसली होती. गोळ्या, चष्मा, स्वेटर.

"काही राहिलं का बघा."

आवडाबाईंनी चेन लावली. "नाय. घ्यायचं ते घेतलं."

गाडी गेल्यावर दीपमाला बाथरूम धुवायला गेली. खिडकीकडच्या दांडीवर टॉवेल होता. कोरडा. काठाला काठ जुळवून टाकलेला.

तिनं तसाच फोन केला. आवडाबाई अजून रस्त्यातच होत्या.

"आई, टॉवेल राहिला तुमचा."

"व्हय का? असू दे तिथंच. माऊलीकडं हाय मला दुसरा."

"थंडीचे दिवस आहेत. पाठवते ना मी."

"राहू दे गं. कशाला तरास."

फोन ठेवल्यावर दीपमाला कृष्णाला म्हणाली, "बघा. कधी तोंड उघडून मागायच्या नाहीत." राहू दे, कशाला त्रास, हे त्या दूध घ्या म्हटलं तरी म्हणत, डॉक्टरकडं जाऊ म्हटलं तरी म्हणत. ते बाजूला सारून करायचं असतं, हे दीपमाला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच शिकली होती.

खाली राहणाऱ्या गोकुळचा टेम्पो कांद्यासाठी वैजापूरच्या मार्केट यार्डात जाई. त्याची फेरी पंधरा दिवसांनी होती. तोवर दीपमालानं टॉवेल गरम पाण्यात धुतला, उन्हात वाळवला, इस्त्री केली. सोबत आवडाबाईंना आवडणारा चंदनाचा साबण ठेवला आणि नव्या कापडी पिशवीला वरून दोन टाके घातले, म्हणजे टेम्पोतली धूळ आत जाऊ नये.

टेम्पो गेला त्या संध्याकाळी तिनंच फोन केला.

"मिळाला का आई?"

पलीकडं टीव्ही चालू होता.

"मिळाला. इस्त्री केलीस व्हय."

"हो."

"बरं केलंस."

दीपमालाला बरं वाटलं. मिटलेली दांडी भिंतीला लागून राहिली. संस्कृतीनं एकदा तिच्यावर मोजे टाकले, तेव्हा दीपमालानं ते काढायला लावले.

होळीच्या सुमाराला तिनं वैजापूरला जाऊबाईंना फोन केला. पाडव्याला आईंना इकडं आणायचं होतं.

"येतील की," संध्याताई म्हणाल्या. "पण यंदा पहिल्यासारखी घाई नाय बरं का त्यांची. दिवाळीहून आल्या तेव्हा काय तोरा होता! येईल त्याला सांगायच्या, माझा टॉवेल हाय तिथं दांडीवर. जावंच लागंल मला, तो वाट बघतोय. मी म्हणलं, आई, टॉवेल काय, पन्नास टॉवेल मिळतेत बाजारात. तर म्हणल्या, तसं नसतंय संध्या. मानूस नसलं तरी तिथं आपलं कायतरी लटकत असलं, की जागा आपली असती."

संध्याताई हसत होत्या.

"मग तुझी पिशवी आली. पिशवी उसवलीच नाय त्यांनी कितीतरी दिवस. तशीच पेटीवर ठेवलेली. दीपा? आहेस ना?"

"आहे."

"तू चांगलंच केलंस म्हणा. थंडी होती."

त्यानंतर दीपमालानं चार दांड्यांचा तो पाइप व्हिनेगरनं पुसला. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग खिडकीकडच्या दांडीवर नव्हतेच, दिवाळीपासून ती वापरलीच गेली नव्हती. तरी तिनं ती दोनदा पुसली आणि पुढं ओढून ठेवली, आत येणाऱ्याला आधी तीच दिसावी अशी.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आवडाबाई आल्या. बॅग दिवाणाखाली सरकवली. संस्कृतीच्या पाठीवरून हात फिरवून तिला गुळाची ढेप दिली. चहा घेतला. प्रवासात अंग चिकट झालंय म्हणाल्या आणि अंघोळीला गेल्या.

दीपमाला स्वयंपाकघरात कणीक मळत होती. पाण्याचा आवाज बंद झाला. दार उघडलं. कणकेच्या हातांनीच ती दाराशी आली. आवडाबाई ओले केस सोडून हॉलकडं चालल्या होत्या, टॉवेल हातात होता. दांडी पुढं ओढलेली होती तशीच होती.

हॉलमधून प्लास्टिकची सळसळ ऐकू आली.

दीपमाला आत गेली तेव्हा आवडाबाई दिवाणावर बसून पिशवीला गाठ मारत होत्या. टॉवेल नीट घडी केलेला, लाल काठ वर आलेला. पिशवीच्या आत एव्हाना वाफ धरली होती.

"आई, तिथं तुमची दांडी आहे ना."

"असू दे. इथं बरं हाय, हाताशी."

"आई, तेव्हा मला वाटलं, तुम्ही विसरलात. थंडीत तुम्हाला..."

आवडाबाईंनी मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता. दीपमाला तो शोधत होती. राग असता तर त्याला उत्तर देता आलं असतं.

"विसरलेच व्हते की गं," आवडाबाई म्हणाल्या. "वय झालं. मानूस विसरतंय. तू पाठवलास म्हणून मिळाला."

"तुम्ही मुद्दाम..."

"छ्या. मुद्दाम कशाला कुणी टॉवेल ठिवतंय?" त्या हसल्या. "जा, पोळ्या कर. कणीक वाळंल हातावरची."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या झोपल्या असताना दीपमालानं पिशवीची गाठ सोडून टॉवेल काढला आणि दांडीवर पसरला. काठ सरळ केला. झडपांतून वारा येत होता. संध्याकाळपर्यंत तो कोरडा झाला असता. पण चहाच्या वेळी ती आत गेली, तेव्हा दांडी रिकामी होती आणि दिवाणाखालच्या पिशवीला पहिल्यापेक्षा घट्ट गाठ होती. दीपमालानं चहा गाळला. आवडाबाईंनी नेहमीसारखं म्हटलं, मला अर्धाच दे.

पाडव्याची सुट्टी संपली. सकाळची घाई होती. संस्कृती अंघोळ करून बाहेर आली, आत तिच्या टॉवेलवर दीपमालाच्या ओल्या टॉवेलाचं पाणी ठिबकत होतं.

"मम्मी, माझ्या टॉवेललाही त्याचा वास येतो. ती खिडकीकडची दांडी कुणीच वापरत नाही. मी घेऊ?"

दीपमाला डब्याचं झाकण लावत होती. ते नीट बसेना. तिनं ते काढून पुन्हा लावलं.

हॉलमधून आवडाबाईंचा आवाज आला, नातीसाठी ठेवलेला, मायेनं भरलेला.

"घे की बाळा. मोकळीच हाय ती."