एकदाही न लागलेला दिवा

आमचे हे दातांचे डॉक्टर. कीड कुठेही असो, वरून काहीतरी भरायचं आणि पेशंटला हसत हसत वाटेला लावायचं, हा यांचा खाक्या. माणसांच्या तोंडात तो चालत असेल बापडा. माझ्या वडिलांच्या गाडीत चालत नाही, पण हे यांना सांगणार कोण?

गाडी माझ्याहून मोठी आहे वयानं. वडिलांचे डोळे अजून शाबूत आहेत, कान मात्र गेले, म्हणून त्यांनी चालवणं सोडलं आणि गाडी जावयाच्या हवाली केली. आयत्या बिळावर नागोबा! वर्ष उलटायच्या आत नागोबा जुन्या गाड्यांच्या क्लबाचे अध्यक्षसुद्धा झाले. मला मात्र स्टिअरिंगला हात लावायची बंदी.

या क्लबाचीही तऱ्हाच आहे. गाडी थांबली की जो तो इंजिनाखाली पुठ्ठा सरकवतो आणि निघताना घडी करून डिकीत लपवतो. दुसऱ्याच्या गाडीखाली वाकून बघायचं नाही, हा त्यांचा न लिहिलेला नियम. झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळ्यांच्या डिकीत तेलानं माखलेले पुठ्ठे आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, आमची गाडी थेंबभर गळत नाही हो.

आमची गळत होती ती ऑइल प्रेशरच्या सेन्सरपाशी. अंगठ्याएवढी वस्तू, इंजिनाच्या कुशीला आट्यांनी बसवलेली. तेलाचा दाब नसेल तर समोर लाल दिवा लावायचा, एवढंच तिचं काम. यांनी ती काढली, आट्यांवर नळाची पांढरी टेप गुंडाळगुंडाळ गुंडाळली आणि पुन्हा पिळून बसवली. पुठ्ठ्यावरचे डाग होते तसेच राहिले. पण दुरुस्ती झाल्याची दवंडी पिटून झाली होती.

त्या रविवारी क्लबाची सहल होती, घाट चढून तलावापर्यंत. वडील पुढच्या सीटवर बसणार होते. सकाळीच दाढी करून, बुटांना पॉलिश करून तयार. आपल्या गाडीतून घाट एकदा बघायचा, पुढच्या वर्षीचं कुणी सांगितलंय, असं आठवडाभर चाललं होतं त्यांचं.

निघायच्या आधी सगळे मैदानात उभे होते. वडिलांनी गाडीत डोकावून विचारलं, “जावईबापू, दिवा लागतो ना?”

“एकदाही नाही!” हे मैदानाला ऐकू जाईल असं ओरडले. “मी दुरुस्त केल्यापासून एकदाही लागला नाही.”

वडिलांचा चेहरा उतरला. मला हळूच म्हणाले, गुडघा दुखतोय गं, तुम्ही जाऊन या.

गुडघा! तासाभरापूर्वी जिना दणादण उतरले होते. मी काय ते समजले. चावी फिरवली की इंजिन सुरू व्हायच्या आधी दाब शून्य असतो, तेव्हा दिवा लागलाच पाहिजे. इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. मला हे त्यांनीच शिकवलेलं. कधीच न लागणारा दिवा म्हणजे मेलेला दिवा. घाटात तेल संपलं तर तो लागणार नाही, इंजिन खडखडलेलं वडिलांना ऐकू येणार नाही, आणि यांना ऐकू आलं तरी कळणार नाही. पण जावयाला चारचौघांत बोलायचं कसं? त्यापेक्षा गुडघा बरा. मला वडिलांच्या या भिडेचा संताप आला. यांचा तर कायमच येतो, तो धरायचाच नाही.

आणि क्लबातली ती मंडळी? ऐकलं सगळ्यांनी, कळलंही सगळ्यांना. सगळे आपापले बूट न्याहाळत राहिले.

मी चावी मागितली. हे हसत हसत मंडळींना म्हणाले, हिला कुकरचं झाकण लावता येत नाही नीट. मंडळी हसली. मी चावी यांच्या हातातून काढून घेतली आणि बॉनेट उघडलं.

सेन्सर आणि भोवतीचा भाग फडक्यानं कोरडा केला. एका वहिनींच्या पर्समधून पावडरची डबी घेतली, पावडर सगळीकडे भुरभुरली आणि इंजिन सुरू केलं. थोड्या वेळात पांढऱ्यावर तपकिरी रेघ उतरली. ती आट्यांमधून येतच नव्हती, वायर जोडतात त्या टोकातून येत होती. सेन्सर आतून फाटलेला आणि मलमपट्टी बाहेरून. दुखणं म्हशीला, औषध पखालीला! वर या सेन्सरला वायर एकच. दिव्याचा करंट पुढे आट्यांतूनच इंजिनात जातो. ती वाट यांच्या टेपनं बंद केलेली.

डिकीत वडिलांचा गंजका डबा होता. शोभत नाही म्हणून यांनी तो कधी उघडलाच नव्हता. त्यात फडक्यात गुंडाळलेला नवा सेन्सर निघाला, तांब्याच्या वॉशरसकट. इंजिन बंद करून जुना पान्यानं काढला, वायरचं टोक पुसलं, नवा तसाच उघड्या आट्यांनी बसवला, घट्ट होईल इतपतच. मग चावी अर्धी फिरवली.

दिवा लागला. लालभडक.

“बघा,” हे मंडळींकडे वळून म्हणाले, “बिघडवलीच शेवटी. माझ्या हातात एकदाही लागला नव्हता.”

या वेळी कुणी हसलं नाही. एक जण उगाच खोकला.

मी इंजिन सुरू केलं आणि दिवा विझला. वडील काचेतून तेवढंच बघत होते. गुडघा बरा झाला त्यांचा. दार उघडून शेजारी येऊन बसले. हे माझ्या बाजूच्या दाराशी आले, मी उठायची वाट बघत. मी उठले नाही.

लग्न झाल्यापासून वडील जावयाशी ‘आपण’शिवाय बोलले नव्हते. आता माझ्यावरून वाकून, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, “तू मागच्या गाडीतून ये. आणि तो तुझा पुठ्ठा उचल.”

अध्यक्ष खाली वाकले. पुठ्ठा निघाला तसा मी गिअर टाकला.