बंद पडलेला ड्रायर

"अहो, ड्रायर बंद पडलाय," वहिनी दादाला म्हणाली. खोटं बोलली की तिचे कान लाल होतात. सकाळीच तिनं मशीनमागची प्लगची पिन काढलेली मी पाहिली होती. मी इस्त्री फिरवत राहिलो.

आमची लाँड्री तळघरात, भरदुपारीही ट्यूबलाइटच्या उजेडात चालणारी. दादाचं अर्धं आयुष्य तिथंच गेलं. मोटरच्या नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं ओळखणारा हा माणूस वर्षभरात स्वतःच मिटत गेला. माझ्या फालतू विनोदांना हसणारा जगात तो एकटाच, तोही हसेनासा झाला.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "नैराश्य आहे, त्याची गोळी सोडायची नाही. ड जीवनसत्त्वही फार कमी आहे. ही दोन्ही पुष्कळदा जोडीनं दिसतात; एकामुळेच दुसरं होतं, असं छातीठोकपणे नाही सांगता येत. पण तेही भरून काढू. आणि यांना जरा उन्हात काढत जा."

"उन्हात काढायला हे काय गादी आहेत?" वहिनी घरी येऊन करवादली. आठवडाभर ती मागे लागली. दादाचं एकच, "नको. तू जा."

म्हणून ही पिनेची युक्ती. "चादरी गच्चीवर वाळत घालायच्यात. मला एकटीला टोपलं उचलत नाही."

दादा उठला. टोपल्याची एक कडी त्यानं धरली, दुसरी तिनं. मशीनला त्यानं हातही लावला नाही. मला ते फार लागलं. पूर्वीचा दादा असता तर घटकाभरात मशीनची आतडी बाहेर काढून बसला असता.

मग रोजच ड्रायर बंद. दुरुस्तीवाला रोज 'उद्या' यायचा. दोघं गच्चीवर चादरीची टोकं धरून झटकायची. गोळ्या, औषध, ऊन की वहिनी, कशानं गुण आला देव जाणे, पण एका सकाळी दादा माझ्यावर खेकसला, "अरे, कापड करपतंय!" मला रडूच आलं.

आणि एक दिवस आभाळ गच्च भरलं. चादरी संध्याकाळी पोचवायच्या होत्या. वहिनी ड्रायरसमोर नुसती उभी. चालू करावा तर खोटेपणा उघडा पडणार.

दादा मशीनमागे वाकला. त्यानं पिन बसवली आणि ड्रायर घरघरला.

"पहिल्या दिवशीच दिसली होती," तो म्हणाला.

"मग ओलं ओझं घेऊन जिने कशाला चढलात?"

"तू रोज माझ्यासाठी पिन काढत होतीस. सकाळी उठायला माझ्याकडे तेवढंच कारण होतं."

वहिनीनं तोंडाला पदर लावला. मी उगाचच कॉलरीवर पाणी मारत बसलो. एवढ्या मोठ्या मनाची दोन माणसं माझी आहेत, याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. ड्रायर व्यवस्थित चालू होता. दादानं ओल्या चादरींनी टोपलं भरलं, एक कडी धरली आणि दुसरी धरायला वहिनी येईपर्यंत जिन्याशी उभा राहिला.