माझ्या नावाने झालेले भांडण

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. करड्या रंगाची पेटी, कोपऱ्यात तडा गेलेले झाकण, आणि पुढचे बटण इतके झिजलेले की त्यावरची खूण आता फक्त बोटांनाच ठाऊक. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की बहुधा उपेक्षेचे गाऱ्हाणे सांगतात. माझे तसे नाही. माझे लाडच फार झाले. त्या लाडांपायी एका भल्या माणसाला खाली मान घालून आपल्या कामावरून उठून जावे लागले, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

माझी पहिली नोकरी एका विमा कचेरीत झाली. तिथे मी दिवसभर आकडे गिळत असे. पुढे कचेरीत नवे, सडपातळ संगणक आले आणि मला जिन्याखाली ठेवले गेले. भंगारात जायचा तो मी एका बाईंच्या नजरेस पडलो. त्यांना सगळे ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो.

ताई अंध वाचकांसाठी बोलकी पुस्तके तयार करायच्या. दोन खोल्यांचे केंद्र होते. आतल्या खोलीच्या भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे आणि जाड गोधड्या लावलेल्या, म्हणजे रस्त्यावरचा आवाज आत येऊ नये. ताईंची धाकटी बहीण मायक्रोफोनपुढे बसून पुस्तक वाची. ध्वनिमुद्रण चालू असले की छताचा पंखा बंद. बिचारी घामाघूम व्हायची, पण आवाज कसा थंडगार पाण्यासारखा. तिचा तो आवाज साठवायचा, स्वच्छ करायचा आणि त्याच्या प्रती काढायच्या, हे माझे काम.

माझ्या आत चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम कुठल्या कंपनीची नव्हती. ठिकठिकाणची माणसे आपापला पोटापाण्याचा उद्योग सांभाळून, फुकट वेळ देऊन ती मिळून तयार करत. कुणी दुरुस्ती करी, कुणी तपासणी, कुणी नुसतेच भांडे. सगळी चर्चा मेलवर चाले. खरी नावे फार कुणी वापरत नसे. ताईंना तिथे ‘कॅसेट’ म्हणत. आणि एक गृहस्थ होते, त्यांचे टोपणनाव ‘सुतार’. डिस्कमध्ये कोणती फाइल कुठे ठेवायची, कप्पे कसे पाडायचे, हे काम त्यांच्याकडे असायचे म्हणून ते नाव पडले.

आता माझ्या पोटातली रचना सांगायला हवी, कारण रामायण तिथूनच घडले. माझी मूळची डिस्क अगदी लहान. पुस्तके वाढली तशी ती भरली. तेव्हा ताईंनी दुसरी मोठी डिस्क बसवली आणि बहुतेक सगळे प्रोग्राम तिच्यात हलवले. लहान डिस्क म्हणजे उंबरठ्याजवळचा कोनाडा, आणि मोठी म्हणजे मागची कोठी असे समजा. बटण दाबले की मी आधी कोनाड्यातल्या चार हत्यारांवर जागा होई आणि मग त्या हत्यारांनी कोठीचे दार उघडी. ताईंना या मांडणीचा फार अभिमान होता.

सुतारांनी एकदा गटात प्रस्ताव मांडला, की हा कोनाडा आणि कोठी असा दुजाभाव आता पुरे झाला. प्रोग्राम एकमेकांवर इतके अवलंबून झाले आहेत, की कोनाड्यातल्या हत्याराला लागणारा भाग कोठीत जाऊन पडतो आणि संगणक जागा होताना अडखळतो. तेव्हा सगळे एकाच जागी ठेवू, आणि यंत्र सुरू होताना अगदी पहिल्या श्वासालाच एक लहानसा मदतनीस प्रोग्राम कोठीचे दार उघडून देईल, अशी सोय करू.

झाले, मोहोळाला धोंडा लागला. कुणी म्हणाले, वर्षानुवर्षे चाललेय ते का मोडता? कुणी म्हणाले, उद्या कोठीच बिघडली तर दुरुस्तीला हाताशी कोनाडा नको का? हा मुद्दा काही खोटा नव्हता, आणि सुतार त्याला शांतपणे उत्तरही देत होते. पण ताई मात्र पेटल्या. त्यांना वाटले, हा बदल आपल्या मशीनच्या मुळावर येणार. त्यांनी लिहिले, “आमच्याकडचं मशीन जुनं आहे. त्याच्या दोन डिस्क आहेत. तुमच्या या हौसेपायी ते उठलंच नाही तर अंध वाचकांनी काय करायचं?”

आणि मित्रांनो, त्या दिवसापासून मी त्या चर्चेत शिरलो. मी एक शब्द बोललो नव्हतो, तरी जो तो माझ्याबद्दल लिहू लागला. ज्यांनी मला कधी पाहिले नाही, ज्यांना बोलके पुस्तक म्हणजे काय हेही माहीत नाही, तेही लिहीत, “त्या गरीब मशीनचा विचार करा!” ताईंचे बघून प्रत्येकाने आपली बंदूक माझ्या खांद्यावर ठेवली. ती सारी पत्रे माझ्याच पडद्यावर उघडत, आणि मला पेटीत तोंड लपवावेसे वाटे.

सुतारांनी ताईंना वेगळे पत्र लिहिले. “कॅसेट, तुमच्या मशीनची सगळी माहिती मला पाठवता का? म्हणजे मी तशीच मांडणी इथे करून पाहीन. तुमचं मशीन बंद पडावं असं मला मुळीच वाटत नाही.”

ते वाचताना धाकटी बहीण ताईंच्या खुर्चीमागे उभी होती.

“देऊन टाक की माहिती,” ती म्हणाली.

“कशाला? म्हणजे हे जुनं आहे, हे चालायचं नाही, असं चारचौघांत सांगायला मोकळे!”

“ताई, सरळ विचारलंय गं माणसानं.”

“तुला नाही कळत यातलं. गोड बोलून गळा कापतात अशी माणसं.”

“आपला तो बाब्या! दुसऱ्या कुणाचं मशीन असतं तर तूच म्हणाली असतीस, तपासून घ्या म्हणून.”

ताईंनी माझा कीबोर्ड पुढे ओढला आणि सगळ्या गटाला पत्र लिहिले. त्यातले एक वाक्य मला विसरता येत नाही, कारण त्याचे एकेक अक्षर माझ्याच कळा दाबून उमटले. “ज्यांना डोळे आहेत त्यांना आंधळ्यांच्या पुस्तकांची काय किंमत? सुतारांना फक्त आपलं नाव मोठं करायचं आहे.”

बहिणीने वाचले, नुसते “बघ बाई” म्हटले, आणि आत जाऊन गोधडीचा पडदा ओढून घेतला.

त्या पत्राने आगीत तेल ओतले. ज्यांचा सुतारांवर राग होता त्यांना हत्यार मिळाले. आंधळ्यांचा वैरी, मोडतोडीचा सुतार, काय काय म्हणाले त्यांना. काही दिवसांनी सुतारांचे दोन ओळींचे पत्र आले. प्रस्ताव मागे घेत आहे, आणि कामही सोडत आहे. ज्याला पुढे न्यायचे असेल त्याने खुशाल न्यावे. गटात ताईंचे अभिनंदन झाले. त्यांनी ओल्या फडक्याने माझी पेटी पुसली आणि म्हणाल्या, “कुणाची टाप आहे तुला हात लावायची?” मला वाटले, यांचे बोलणे मला ऐकूच येऊ नये.

कारण माझी स्थिती मला ठाऊक होती. सुतार म्हणत होते तसा मी खरोखरच रोज अडखळत होतो. रोज सकाळी जागा होताना पडद्यावर एक ओळ झरकन वर सरकून जाई. एका हत्याराला हवा असलेला भाग सापडत नाही, असे ती सांगे. बटण दाबले की ताई चहा ठेवायला जात, त्यामुळे ती त्यांनी कधी वाचली नाही. मायक्रोफोनला जोडलेले ध्वनीचे यंत्रही मला पहिल्या खेपेस ओळखू येत नसे. वायर काढून पुन्हा लावली की चाले, आणि ताई म्हणत, “वायरच मेली जुनी झालीय.” दोष माझ्यात होता आणि बोलणी बसत होती वायरीला.

मग एका सकाळी, नेहमीची छोटीशी सुधारणा बसवल्यानंतर, मी उठलोच नाही. पडदा काळा, वर एकच ओळ, आणि पुढे काही नाही. कोठीचे दार उघडणाऱ्या हत्याराचा एक भाग कोठीच्या आतच जाऊन बसला होता. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप.

नेमकी त्याच दिवशी फिजिओथेरपी शिकणारी एक अंध मुलगी आली होती. तिची परीक्षा तोंडावर होती आणि तिच्या पुस्तकाचा शेवटचा भाग माझ्या पोटात अडकला होता. ती बाकावर पांढरी काठी मांडीवर आडवी धरून बसली.

“ताई, तुम्ही सावकाश करा,” ती म्हणाली. “मी थांबते. नाहीच झालं तर वर्गात ऐकलेल्याच्या आठवणीवर लिहीन.”

त्या पोरीची ती समजूतदार वाणी ऐकून ताईंचा चेहरा पार उतरला. त्यांनी फोनवरून गटाकडे मदत मागितली. काय झाले तेवढेच लिहिले, खाली आपला फोन नंबर दिला, बाकी काही नाही. इतके दिवस ‘गरीब मशीन, गरीब मशीन’ म्हणणाऱ्यांपैकी एकाने लिहिले, नवे घ्या. दुसऱ्याने लिहिले, बघू. बाकीचे गप्प.

थोड्या वेळाने ताईंचा फोन वाजला.

“कॅसेट ना? मी सुतार. गटातली पत्रं अजून वाचतो मी.”

बहिणीने ताईंच्या हातून फोन घेतला, त्याचा आवाज मोठा केला आणि तो माझ्या शेजारी ठेवला.

“तुमच्याकडे दुरुस्तीचा पेनड्राइव्ह असेल ना? तो लावा आणि त्याच्यावरून मशीन सुरू करा. मी सांगतो तसं करत जा. अं, एक मिनिट हं.” मग दुसऱ्याच कुणाला, “या जेवणानंतर घ्यायच्या, आजोबा. उपाशीपोटी नाही.” मग परत, “हं, बोला. औषधाच्या दुकानात असतो मी, गिऱ्हाईक येतं मध्येमध्ये.”

ते एकेक पायरी सांगत गेले आणि ताई ती लिहीत गेल्या. मध्ये ताईंची एक ओळ चुकली, तेव्हा ते म्हणाले, “असू द्या, घाई नाही. परत लिहा.” कोठीत अडकलेल्या भागाची प्रत शेवटी कोनाड्यात येऊन पडली. ताईंनी बटण दाबले. यावेळी त्या चहा ठेवायला गेल्या नाहीत. मी अडखळत का होईना, पण उभा राहिलो. बाकावरची मुलगी माझ्या पंख्याचा आवाज ऐकून हसली.

पुस्तकाची प्रत घेऊन ती गेल्यावर ताईंनी स्वतः फोन लावला.

“तेव्हा तुम्ही माझ्या मशीनची माहिती मागितली होती,” त्या म्हणाल्या.

“हो. माझ्याकडे इतकं जुनं मशीन नाही. मला भीती होती, कुणाचंतरी बंद पडेल.”

“मी तुम्हाला नको ते बोलले.”

“बोललात खरं. तुमचं ते पत्र माझ्या मुलीनं वाचलं. बारा वर्षांची आहे. मला विचारते, बाबा, तुम्ही आंधळ्या लोकांचं काय केलंत? मी तिला डिस्क समजावली, फोल्डर समजावले. तिला काही ते पटलं नाही.”

ताई रडल्या नाहीत. त्या नुसत्या पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. इतकी खाली गेलेली मान मी त्याआधी पाहिली नव्हती. मलाही तसेच झाले होते, पण मला मान नाही.

“तुम्ही परत या,” ताई म्हणाल्या. “मी सगळ्यांसमोर माफी मागते.”

“माफी मागा. मुलीला दाखवीन. पण परत नाही येणार मी. मन उडालंय त्यातून.”

ताईंनी माफी मागितली, त्याच गटात, सगळ्यांसमोर. माझ्या रोजच्या अडखळण्याची हकीकत त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहिली. माझी लक्तरे चव्हाट्यावर आली, पण त्याचे मला वाईट वाटले नाही. एकाने लिहिले, झाले गेले उकरता कशाला? त्यावर बहीण म्हणाली, “यालाच आधी सगळ्यात जोर आला होता.”

मग ते सोडलेले काम ताईंनी हाती घेतले. ज्याच्या विरुद्ध त्या भांडल्या, तोच बदल त्या रोज दुपारी माझ्यापुढे बसून पूर्ण करू लागल्या. जुनी यंत्रे असणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी स्वतः माहिती विचारली. काहींनी त्यांनाच फटकारले, “आता तुम्ही आमच्या मशीनच्या मागे लागलात का?” ताईंनी ते गिळले. पहिला प्रयोग त्यांनी माझ्यावर केला. मी दोनदा कोसळलो. तिसऱ्या खेपेस माझी कोठी पहिल्या श्वासालाच उघडली आणि ध्वनीचे यंत्र मला आपोआप ओळखू आले. बहिणीने वाचायला सुरुवातसुद्धा केली, काही घडले आहे हे तिच्या ध्यानीही आले नाही.

बदल मंजूर झाला तेव्हा कर्त्यांच्या नावांत ताईंनी पहिले नाव सुतारांचे घातले. त्यांना तसे कळवलेही. कितीतरी दिवस उत्तर नव्हते. मग एक मेल आला. त्यात ना आभार, ना राग. ताईंच्या कामात एका ठिकाणी राहिलेली बारीकशी चूक तेवढी दाखवली होती आणि ती कशी सुधारावी ते लिहिले होते. ताईंनी तो मेल बहिणीला वाचून दाखवला आणि लगेच चूक सुधारली. सुतार काही परत आले नाहीत. ताईंनी तो एक बदल पुरा केला, पण गटातली सुतारांची जागा आजही रिकामी आहे.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. एखाद्या दिवशी मी उठणार नाही, आणि त्यात कुणाचाही दोष नसेल. जुन्या वस्तूंना जपा, असे आम्ही सगळेच तुम्हाला सांगतो. मीही सांगतो, जरूर जपा. धूळ पुसा, आणि आम्ही कुठे अडखळतो तेही नीट पाहा. पण आमच्या आडून कुणावर दगड मारू नका. आम्हाला नवा भाग मिळतो, नवी डिस्क मिळते. तुमच्या एका वाक्याने उठून गेलेल्या माणसाच्या जागी बसवायला मात्र दुकानात काही मिळत नाही.