जिभेचा वाटा

आमचे हे, सागापोलू, बेटावरच्या आमच्या गावाचे वक्ते. पाहुणे आले की मैदानात अनवाणी उभं राहायचं, काठी रोवायची, माशा वारायचा झुपका खांद्यावर टाकायचा आणि ऐकणाऱ्यांचे कान किटेपर्यंत बोलायचं, हे त्यांचं काम. उभं राहता आलं नाही की वक्तेपण खलास. मग त्या जागी वाईफाले उभा राहणार. तो गावातला दुसरा वक्ता, आणि आमच्या घरात त्याचं नाव निघालं की यांचा कोको कडू होतो.

अशा माणसाच्या पायाचा अंगठा काळा पडला होता. अंगात साखर मुरलेली, तरी चहात चार चमचे हवेतच. "दुखत नाही ना, मग काय झालं?" म्हणून वर फडकं गुंडाळून मोकळे. मी बायकांच्या समितीची प्रमुख. अख्ख्या गावाचे संडास आणि चटया तपासून नाकं मुरडायचा मला हक्क, पण घरातला एक अंगठा तपासायची चोरी! मनातून मात्र माझी पाचावर धारण बसली होती. यांच्या भावाचा पाय असाच आधी काळा पडला आणि मग गुडघ्यापासून गेला. त्यानंतर तो फार जगलाही नाही.

म्हणून मी त्या भावाच्याच मुलीला, फुआतिनोला बोलावलं. ती जिल्ह्याच्या इस्पितळात नर्स आहे. समितीतर्फे आरोग्यावर भाषण, असं निमित्त केलं. सभाघर भरलं, कारण नंतर डुक्कर होतं.

फुआतिनोनं खांबाला माणसाचं चित्र टांगलं. "सगळ्यांत लहान ती पेशी," ती म्हणाली. "सारख्या पेशी जमल्या की ऊती, ऊतींचा अवयव, अवयवांची संस्था. रक्ताची एक, पचनाची एक, अशा सगळ्या संस्था मिळून शरीर."

"अगं, मग सरळ सांग की!" हे मध्येच बोलले. "पेशी म्हणजे माणूस. माणसांचं कुटुंब, कुटुंबांची आळी, आळ्यांचं गाव, गावांचा जिल्हा. शेंबड्या पोरालाही कळतं. आता सांग, मुखिया कोण?"

"मुखिया कोणी नाही, काका. सगळे एकमेकांच्या जिवावर चालतात."

झालं! मुखियाशिवाय गाव म्हटल्यावर सभाघरात एकच गलका. वाईफाले म्हणाला, "हे चित्र न्यूझीलंडहून आणलेलं दिसतंय. तिकडचे असेच राहतात."

आमच्या सभाघरात कोणी कुठल्या खांबाला टेकून बसायचं हे मानाप्रमाणे ठरलेलं असतं. मग आमच्या शहाण्यांनी स्वतःच अवयवांनाही तसे खांब वाटून दिले. मेंदूला टोकाचा मुखियाचा खांब. हृदय त्याच्या समोर. जठराला पाद्रीबाबांशेजारी बसवलं, म्हणजे दोघांनाही सोबत. आतड्यांवरून भांडण लागलं, कारण एवढ्या लांबलचक मंडळींना एक खांब पुरणार कसा?

"जीभ माझ्याशेजारी," हे म्हणाले. "आणि पाय मागे स्वयंपाकघरात. हाक मारली की यायचं."

"आणि हाक पोचलीच नाही तर?" फुआतिनो हसत नव्हती. "काका, मज्जातंतू म्हणजे निरोपे. साखरेनं तुमच्या पायाचे निरोपे मेलेत. मागे स्वयंपाकघर पेटलं तरी पुढे कळायचं नाही. अंगठा बरा आहे म्हणून दुखत नाही, असं नाहीये. आज चला माझ्याबरोबर. नाहीतर बाबांसारखं होईल."

"वक्त्याला जीभ लागते, पोरी. पाय गेला तर गेला!"

सगळे हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यांच्या तळपायाला तर तेवढीही सोय उरली नव्हती.

मी उठून मागे गेले. डुक्कर कापून तयार होतं. आमच्याकडे त्याचे वाटे ठरलेले आहेत, आणि चुकीचा वाटा चुकीच्या माणसापुढे गेला तर भावाभावांत डोकी फुटतात. पाय मोठ्या वक्त्याचा. मी तो पाय उचलला आणि वाईफालेपुढे पाठवला. यांच्यापुढे केळीच्या पानावर नुसती जीभ.

यांनी पानाकडे पाहिलं. मग वाईफालेच्या पानाकडे. "हे काय आहे?"

"जीभ," मी म्हटलं. "पाय गेला तर गेला, असं आत्ताच म्हणालात ना? वाईफालेला अजून लागतो."

वाईफालेनं तो पाय हळूच जवळ ओढून घेतला, मेल्यानं.

यांनी चहाचा काचेचा कप हाणला. तो खांबावर फुटला. हे ताडकन उठून पुढे झाले आणि सुरू झाले: कुठल्या होडीतून पूर्वज आले, कुठल्या लढाईत कोणी कोणाला वाचवलं, आणि त्या वंशाच्या पानात आज जीभ! एकेक करून लोकांनी माना खाली घातल्या. यांना वाटलं, भाषण लागू पडतंय. आवाज आणखी चढला. मुखियाची मानसुद्धा खाली गेली.

मी पण खाली पाहिलं. माझी बारीक विणीची चटई लाल होत होती. कपाच्या फुटक्या काचेवर हे अख्खा भार देऊन उभे होते आणि पूर्वजांना हाका मारत होते.

"काका," फुआतिनो म्हणाली, "खाली बघा."

यांनी पाहिलं. पाय उचलला. काच तळव्यात रुतलेली. दुसऱ्या कोणाचा पाय बघावा तसे बघत राहिले. माझ्या उभ्या संसारात त्या तोंडातून शब्द न फुटलेला मी पहिल्यांदा पाहिला. मग अगदी लहान आवाजात म्हणाले, "सोसे, हा माझाच ना गं?"

माझा सगळा राग पळाला.

वाईफालेच उठला आणि यांच्या काखेत खांदा दिला. "चला, ट्रक काढतो. तुम्ही बसलात तर मी भांडू कोणाशी?"

इस्पितळात डॉक्टरीण टाचणी टोचत वर वर गेली. अंगठा, काही नाही. तळवा, काही नाही. घोट्याजवळ टोचली मात्र, आणि यांनी अशी शिवी हासडली की बाहेर वाईफाले उभाच राहिला. मी तिथंच ढसाढसा रडले. नवरा कळवळतोय आणि बायको देवाचे आभार मानतेय!

अंगठा गेला. पाय राहिला. अनवाणी न बोलण्याची अट पडली, तेव्हा वक्त्यानं मैदानात चप्पल घालावी का यावर गावानं मनसोक्त भांडून घेतलं.

वाटा चुकवल्याबद्दल मला दंड झाला, एक मोठं डुक्कर. तो जाहीर करायला हे स्वतः मैदानात उभे राहिले, काठी रोवून, दोन्ही पायांवर, आणि ऊन कलेपर्यंत माझे वाभाडे काढत होते. इतक्या सुखानं मी कधी बोलणी खाल्ली नव्हती.

मग त्याच डुकराचे वाटे झाले. पाय यांच्यापुढे आला. यांनी एक पान मागवलं, त्यावर जीभ ठेवली, आणि सगळ्या गावादेखत लंगडत माझ्यापर्यंत आले.

"घे," म्हणाले. "तुझा वाटा."